घरी बनवायच्या सी. एन. सी. यंत्राला मोटार कोणती?

पेण म्हटले की गणपती आठवतो. पेण शहरात आणि जवळच्या हमरापूर, जोहे अशा गावांत जवळजवळ वर्षभर मूर्ती घडत असतात आणि तेथून त्या महाराष्ट्रभर, इतकेच नव्हे तर परदेशीही जातात. माती, साचा, रंग आणि शेवटी डोळ्यांची आखणी, हे सगळे हाताचे काम. आखणीत एखादे यंत्र पेणच्या कारागिराची बरोबरी करील असे मला तरी वाटत नाही. पण मूर्तीभोवती जी इतर सामग्री लागते ती पाहा. पाट, चौरंग, मखराच्या जाळीदार फळ्या, मूर्तीमागची प्रभावळ. येथे एकच नक्षी पुन्हा पुन्हा कोरावी लागते आणि प्रभावळीची डावी बाजू उजवीशी तंतोतंत जुळावी लागते. हे काम संगणकाच्या हुकमाने चालणारे कोरण्याचे यंत्र चांगले करते. त्याला सी. एन. सी. राउटर म्हणतात.

समजा, पेणच्या एखाद्या शाळेतील नववी-दहावीच्या मुलांनी ठरवले की असे लहानसे यंत्र आपणच बनवायचे. पाऊण मीटर लांब, अर्धा मीटर रुंद फळी मावेल एवढे. सांगाडा गावातला फॅब्रिकेटर जोडून देईल, लाकूड कोरायचा राउटर सुताराकडे असतोच. अडते ते मोटारी आणि त्यांचा नियंत्रक यांच्या निवडीपाशी. पैसे एकदाच जमतात, खरेदी एकदाच होते. आणि ती चुकली की काय होते? यंत्र चालते, पण तीन तास प्रभावळ कोरून झाल्यावर मध्येच नक्षी अर्ध्या मिलिमीटरने सरकते आणि तेथून पुढचे सगळे कोरीव काम सरकलेलेच राहते. सागाची फळी वाया जाते. असे दोनदा झाले की यंत्र प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात फडक्याखाली जाऊन बसते. तेव्हा दुकानात जाण्यापूर्वी कागद-पेन्सिल घेऊन बसणे बरे. यात लागणारे गणित दहावीच्या पलीकडचे नाही.

यंत्राला आकडे कसे कळतात?

आकड्यांवरून धातू कापण्याची कल्पना अमेरिकेतील जॉन पार्सन्स यांची. १९४० नंतरच्या दशकात मिशिगन राज्यातील त्यांच्या कारखान्यात हेलिकॉप्टरची पाती बनत. पात्याच्या आकाराचे नमुने अचूक कापण्यासाठी वक्ररेषेवरील अनेक बिंदूंचे सहनिर्देशक आधी गणिताने काढायचे आणि कारागिराने हत्यार त्या त्या बिंदूवर न्यायचे, अशी त्यांची रीत होती. पुढे मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेने छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवरून हुकूम घेणारे मिलिंग यंत्र तयार केले आणि १९५२ मध्ये ते चालवून दाखवले. तुम्ही आलेख कागदावर क्ष आणि य घेऊन बिंदू मांडता ना, तेच काम. फक्त पेन्सिलीच्या जागी कटर आणि तिसरा अक्ष खोलीचा.

प्रत्येक अक्षावर एक लांब आटेदार दांडा असतो. त्याला आपण स्क्रू म्हणू. स्क्रू फिरला की त्यावरची चाकी (नट) आणि तिला जोडलेला भाग पुढे सरकतो. पाण्याचा नळ उघडताना हेच घडत असते. स्क्रूच्या एका फेऱ्यात चाकी ५ मि.मी. सरकत असेल आणि आपल्याला कटर १२.५ मि.मी. न्यायचा असेल, तर स्क्रू अडीच फेरे फिरवला पाहिजे. अडीच म्हणजे अडीचच. साधी पंख्याची मोटार असे मोजून फिरू शकत नाही. त्यासाठी स्टेपर मोटार लागते.

स्टेपर म्हणजे पायरी-पायरीने फिरणारी मोटार. तिच्या मधल्या फिरत्या भागात, म्हणजे रोटरमध्ये, एक कायमचा चुंबक असतो आणि त्याच्या दोन टोकांना लोखंडी दातेरी टोप्या असतात. प्रत्येक टोपीला ५० दाते. बाहेरच्या स्थिर भागावर तारेची वेटोळी असतात, ती दोन गटांत जोडलेली. एका गटातून वीज सोडली की रोटरचे दाते त्या गटाच्या दातांसमोर येऊन थांबतात. मग दुसऱ्या गटात सोडली की रोटर दाताच्या पाव अंतराने पुढे सरकतो. असे चार टप्पे झाले की एक दात ओलांडला जातो. ५० दाते आणि प्रत्येकी ४ टप्पे, म्हणजे एका फेऱ्यात २०० पायऱ्या. एक पायरी १.८ अंशांची. आपल्या ५ मि.मी.च्या स्क्रूवर एक पायरी म्हणजे ०.०२५ मि.मी.

जुन्या प्रिंटरमध्ये अशी लहान मोटार सापडते. मिळाली तर एक प्रयोग करून पाहा. चार तारांची मोटार घ्या आणि कोणत्याही दोन तारांची टोके एकमेकींना जोडून दांडा बोटांनी फिरवा. जोडलेल्या तारा एकाच वेटोळ्याच्या असतील तर दांडा एकदम जड लागतो, नसतील तर फरक पडत नाही. तारांच्या जोड्या ओळखण्याची ही बिनखर्चाची युक्ती. मग एका जोडीला एल. ई. डी. दिवा लावून दांडा झटक्यात फिरवा, दिवा लुकलुकतो. म्हणजे मोटार फिरू लागली की ती स्वतःच वीजही निर्माण करते. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तीच आपल्याला नडणार आहे.

किती जोर लागेल?

आता हिशेब. मोटारीला काय काय ढकलायचे आहे? कटर लाकडात घुसून पुढे जाताना लाकूड त्याला विरोध करते. बारीक कटरने थोडी थोडी खोली घेतली, तर हा विरोध ५० न्यूटन धरू. म्हणजे साधारण पाच किलो वजन उचलायला लागते तेवढे बल. सरकपट्ट्यांचे घर्षण २० न्यूटन. राउटरसकट सरकणाऱ्या भागाचे वस्तुमान १० किलोग्रॅम आणि त्याला ०.५ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढे त्वरण द्यायचे, तर न्यूटनच्या दुसऱ्या नियमाने आणखी ५ न्यूटन. बेरीज ७५. लाकडात गाठ आली, पावसाळ्याच्या दमटपणाने पट्ट्या गंजल्या, तर काय? म्हणून दुप्पट, १५० न्यूटन धरू.

हे सरळ रेषेतले बल. मोटार मात्र पिळाचा जोर देते. त्याला बल-आघूर्ण किंवा टॉर्क म्हणतात आणि तो न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. दोहोंचा संबंध ऊर्जेवरून मिळतो. स्क्रूच्या एका फेऱ्यात झालेले सरळ काम म्हणजे बल गुणिले ०.००५ मीटर. मोटारीने त्या फेऱ्यात केलेले काम म्हणजे टॉर्क गुणिले २π. घर्षणात काही वाया गेले नसते तर दोन्ही सारखी असती. प्रत्यक्षात बरेच वाया जाते. आट्यांमध्ये पोलादी गोळ्या फिरणारा बॉल स्क्रू सुमारे ९० टक्के काम पोचवतो. साध्या आट्यांचा स्क्रू ३० टक्के पोचवला तरी पुष्कळ.

१५० गुणिले ०.००५ म्हणजे ०.७५. त्याला २π ने, म्हणजे ६.२८ ने आणि मग ०.९ ने भागले तर बॉल स्क्रूसाठी उत्तर येते ०.१३ न्यूटन-मीटर. साध्या स्क्रूसाठी ०.३ ने भागायचे, उत्तर ०.४. यात आणखी एक भर घालावी लागते. रोटर आणि पोलादी स्क्रू यांना स्वतःलाच फिरता वेग घ्यायचा असतो. १६ मि.मी. जाडीच्या, ७० सें.मी. लांब स्क्रूसाठी ही भर ०.०५ न्यूटन-मीटरच्या आसपास येते. एकूण काय, बॉल स्क्रू असला तर ०.२ आणि नसला तर ०.४५ न्यूटन-मीटर.

ही उत्तरे पाहून नवल वाटेल. बाजारात ‘नेमा २३’ नावाने मिळणाऱ्या मध्यम आकाराच्या मोटारीवर १.९ न्यूटन-मीटर असा आकडा असतो. मग चौपट, नऊपट जोराची मोटार कशाला? आणि तरीही अशा मोटारी लावलेली घरगुती यंत्रे पायऱ्या कशा चुकवतात?

(नेमा २३ या नावातील आकड्याविषयी येथेच सांगतो, कारण त्यावरून गैरसमज फार होतात. तो जोराचा आकडा नाही. मोटारीच्या चौकोनी तोंडाची बाजू २.३ इंच, म्हणजे सुमारे ५७ मि.मी. आहे, एवढाच त्याचा अर्थ. नेमा १७ ची बाजू ४२ मि.मी., नेमा ३४ ची ८६. एकाच तोंडाच्या मोटारी आखूड असतात, लांब असतात, आणि त्यांच्या जोरात दुपटी-तिपटीचा फरक असू शकतो.)

लेबलावरचा आकडा आणि धावतानाचा जोर

मोटारीवर लिहिलेला १.९ हा आकडा ती थांबलेली असतानाचा आहे. वेटोळ्यातून पूर्ण प्रवाह चालू ठेवला आणि दांडा बाहेरून पिळून जागचा हलवायचा प्रयत्न केला, तर किती जोरापर्यंत तो दाद देत नाही, ते हा आकडा सांगतो. पण आपल्याला मोटार पळवायची आहे. वेग वाढला की जोर घटतो, आणि किती घटतो हे मोटारीपेक्षा तिला वीज कशी पुरवली यावर अधिक अवलंबून असते. माझ्या मते सगळी निवड या एका मुद्द्यावर येऊन ठेपते. म्हणून येथे थोडे थांबू.

तारेच्या वेटोळ्यातला प्रवाह एकदम वाढत नाही. वेटोळे त्या वाढीला विरोध करते. या गुणाला इंडक्टन्स म्हणतात. तो हेन्रीत मोजतात. प्रवाह शून्यापासून पूर्ण व्हायला लागणारा वेळ ढोबळपणे असा काढता येतो: इंडक्टन्स गुणिले प्रवाह, भागिले व्होल्ट. आपल्या मोटारीचा इंडक्टन्स ३.६ मिलिहेन्री आणि प्रवाह २.८ अँपिअर आहे असे समजा. १२ व्होल्टचा पुरवठा लावला तर ०.८४ मिलिसेकंद लागतात, २४ व्होल्टला ०.४२, ३६ व्होल्टला ०.२८.

आता मोटारीला घाई किती आहे ते पाहू. कटर उचलून एका जागेहून दुसऱ्या जागी मिनिटाला ३००० मि.मी. वेगाने न्यायचा, तर ५ मि.मी.चा स्क्रू मिनिटाला ६०० फेरे, म्हणजे सेकंदाला १० फेरे घेईल. एका फेऱ्यात २०० पायऱ्या; तेव्हा सेकंदाला २०००. एका पायरीच्या वाट्याला अर्धा मिलिसेकंद येतो. १२ व्होल्टवर प्रवाह भरायलाच ०.८४ लागतात! पेला अर्धा भरतो न भरतो तोच समोरून ओढून घ्यावा, तशी गत. २४ व्होल्टवर पेला कसाबसा भरतो. ३६ वर निवांत भरतो. शिवाय तो प्रिंटरच्या मोटारीचा प्रयोग आठवा. फिरणारी मोटार स्वतः वीज निर्माण करते, ती पुरवठ्याच्या उलट दिशेने, आणि वेग वाढेल तशी वाढत्या प्रमाणात. पुरवठ्यातले काही व्होल्ट तिच्याशी झगडण्यातच जातात.

तरी चौकस विद्यार्थी विचारील की या मोटारीच्या वेटोळ्याचा रोध समजा १.१ ओहम आहे, तर ओहमच्या नियमाने २.८ अँपिअरला ३ व्होल्ट पुरे झाले. ३६ व्होल्ट लावले तर ती जळणार नाही का? थेट लावले तर जळेलच. पण मध्ये ड्रायव्हर नावाचे विद्युत् मंडल असते. ते पूर्ण ३६ व्होल्ट लावते, प्रवाह २.८ अँपिअरला पोचला की पुरवठा तोडते, किंचित उतरला की पुन्हा जोडते. सेकंदाला हजारो वेळा ही उघडझाप चालते. उंचावरच्या टाकीचे पाणी जोरात येते, पण बादली भरताच नळ बंद करणारा माणूस तेथे बसवलेला आहे, असे समजा. प्रवाहाची मर्यादा ड्रायव्हरवरील बारीक खटक्यांनी ठरवता येते. ती मोटारीच्या आकड्याएवढी ठेवायची. इतके करूनही मोटार हाताला चटका देण्याइतकी तापते आणि मुले घाबरतात. दोन्ही वेटोळी मिळून थांबलेल्या अवस्थेतही सतरा-अठरा वॅट उष्णता निघत असते, तेव्हा तापणे हा दोष नव्हे.

आता मोठ्या मोटारीचा मोह तपासू. दुकानदार म्हणतो, थोडे जास्त घाला, नेमा ३४ घ्या, ८ न्यूटन-मीटर! समजा तिचा इंडक्टन्स ८ मिलिहेन्री आणि प्रवाह ४.२ अँपिअर आहे. त्याच ३६ व्होल्टवर प्रवाह भरायला ०.९३ मिलिसेकंद लागतील. आपल्या हाती अर्धाच आहे. म्हणजे ही पैलवान मोटार जागच्या जागी जोरदार, पण पळायला लावली की धापा टाकणार. तिचा रोटरही कितीतरी जड. तो फिरता करण्यातच बराच जोर खर्च होणार. मोठ्या मोटारीला साजेसा उच्च व्होल्टचा ड्रायव्हर व पुरवठा घ्यायची तयारी असेल तर गोष्ट वेगळी. लाकूड कोरणाऱ्या लहान यंत्राला ती गरज नाही.

माझा सल्ला असा. नेमा २३ ची, १.२ ते १.९ न्यूटन-मीटरची, त्यातल्या त्यात कमी इंडक्टन्सची मोटार घ्यावी. वाचलेले पैसे ५० व्होल्टपर्यंत चालणाऱ्या व ४ अँपिअरच्या ड्रायव्हरवर, आणि ३६ व्होल्ट, १० अँपिअरच्या पुरवठ्यावर घालावेत. बाजारात ‘डी. एम. ५४२’ या नावाचे ड्रायव्हर या वर्गातले. त्रिमितीय प्रिंटरमध्ये बोटाच्या पेराएवढे ‘ए ४९८८’ ड्रायव्हर असतात. ते २ अँपिअरपर्यंतचे, तेही पंख्याचा वारा असेल तर. आपल्या कामाला ते अपुरे आहेत. निर्माता मोटारीबरोबर वेग आणि टॉर्क यांचा आलेख देत असेल, तर लेबल बाजूला ठेवून तो आलेख पाहावा. मिनिटाला ६०० फेऱ्यांवर उभी रेघ काढा. तेथे वक्र ०.४५ च्या बराच वर असला की झाले. तो आलेख किती व्होल्टवर काढला आहे तेही खाली छापलेले असते. आपला पुरवठा त्याहून कमी असेल तर आलेखावर विसंबू नये.

नियंत्रक: मोजणारा, पण न पाहणारा

ड्रायव्हरला एक विजेचा स्पंद मिळाला की तो मोटार एक पायरी फिरवतो. स्पंद पाठवण्याचे काम नियंत्रकाचे. कटर तिरप्या रेषेत न्यायचा तर क्ष अक्षाला किती, य अक्षाला किती, कोणत्या क्षणी, आणि वळणाआधी वेग किती कमी करायचा, हा सगळा हिशेब तो करतो. घरचा संगणक सेकंदाला अब्जावधी क्रिया करतो, मग तोच हे का करीत नाही? कारण तो एकाच वेळी शंभर कामे पाहतो. स्पंद एका ठरावीक क्षणी जायला हवा आणि नेमका तेव्हा तो पडद्यावरचे चित्र बदलत असतो. मोटारीला तेवढा उशीरही खपत नाही. यावर एक उपाय म्हणजे संगणकात वेळेची शिस्त पाळणारी खास प्रणाली घालणे. ‘लिनक्स सी. एन. सी.’ ही तशी प्रणाली. दुसरा उपाय म्हणजे दुसरे काहीच न करणारा छोटा संगणक वेगळा ठेवणे.

शाळेला हा दुसरा उपाय सोपा. इटलीतील इव्रेआ गावी २००५ मध्ये जन्मलेला ‘आर्डुइनो’ फलक आता पुष्कळ शाळांतल्या मुलांच्या हातात असतो. २००९ मध्ये नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कॉग्सरूड यांनी त्याच्यासाठी ‘जी. आर. बी. एल.’ हा कार्यक्रम लिहिला आणि सर्वांना मोफत खुला केला. आर्डुइनो उनोची कार्यस्मृती अवघी २ किलोबाइट, पण तीन अक्षांचे यंत्र तो नेटका चालवतो.

त्याला मर्यादा आहे, आणि ती मोटारीच्या निवडीशी बांधलेली आहे. उनोवरचा जी. आर. बी. एल. सेकंदाला सुमारे ३०,००० स्पंदांपर्यंत पाठवू शकतो. ड्रायव्हर एका पायरीचे आणखी बारीक भाग पाडू शकतात. त्यांना सूक्ष्म पायऱ्या म्हणू. आठ भाग केले तर एका फेऱ्याला १६०० स्पंद, एका मिलिमीटरला ३२०. मिनिटाला ३००० मि.मी. म्हणजे सेकंदाला ५० मि.मी. असल्याने सेकंदाला १६,००० स्पंद. जमते. पण जास्त भाग म्हणजे जास्त अचूकता असे समजून बत्तीस भाग केले, तर सेकंदाला ६४,००० स्पंद लागतील. उनो तेवढे देऊच शकणार नाही. आणि अचूकताही वाढत नाही, कारण सूक्ष्म पायरीमागचा जोर फारच थोडा असतो. जरासे घर्षण असले की रोटर तेवढा सरकतच नाही. सूक्ष्म पायऱ्यांचा खरा फायदा वेगळा आहे. कमी वेगात स्टेपर मोटार धडधडते, यंत्र थरथरते आणि कोरलेल्या कडेवर लाटा उठतात. ती धडधड त्यांनी जाते. आठ किंवा दहा भाग आपल्याला पुरे.

याहून मोठी मर्यादा अशी की हा नियंत्रक आंधळा आहे. त्याने स्पंद पाठवले, मोटार फिरली असेल असे त्याने मानले. ती खरोखर फिरली का, हे तो पाहत नाही. पेणहून रेल्वेने रोह्याला जा. तेथील धाटावच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचे कारखाने आहेत. अशा कारखान्यांत नळातून किती द्रव जावा हे ठरवणाऱ्या झडपा दूरच्या नियंत्रण कक्षातून हलवतात. त्या झडपेला ‘चाळीस टक्के उघड’ एवढे सांगून कोणी स्वस्थ बसत नाही. झडपेच्या दांड्यावर बसवलेले उपकरण ती खरोखर किती उघडली हे तपासते आणि कमी-जास्त असेल तर दुरुस्त करते. चुकीची किंमत तेथे फार मोठी असते. आपल्या मोटारीलाही असे उपकरण, म्हणजे एन्कोडर, बसवता येते. तशा मोटारी तयार मिळतात. पायरी चुकली की त्यांचा ड्रायव्हर ती भरून काढतो, आणि फारच मागे पडला तर यंत्र थांबवतो. त्या महाग असतात. पैसे पुरत असतील तर जरूर घ्याव्यात, पण कमकुवत पुरवठ्यावर त्याही मार खातात. आधी पुरवठा, मग एन्कोडर, हा क्रम सोडू नये.

आंधळ्याला निदान घर तरी ओळखता आले पाहिजे. त्यासाठी प्रत्येक अक्षाच्या टोकाला एक खटका बसवतात. यंत्र सुरू झाले की तिन्ही अक्ष हळूहळू जाऊन आपापल्या खटक्याला टेकतात आणि तो बिंदू शून्य धरला जातो. कोकण रेल्वेची लांबी ७४१ किलोमीटर असे आपण म्हणतो ते रोहा हे एक टोक पक्के आहे म्हणून. टोकच ठाऊक नसेल तर कितवा किलोमीटर हे कसे सांगणार? श्रावण-भाद्रपदात, ऐन कामाच्या दिवसांत, आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. वीज गेली की नियंत्रक सगळे विसरतो. खटके असतील तर वीज आल्यावर यंत्र पुन्हा शून्यावर जाते आणि फळी हलवलेली नसेल तर राहिलेले काम तेथूनच सुरू करता येते. खटक्यांच्या तारा मोटारीच्या तारांपासून दूर न्याव्यात. मोटारीच्या तारांतील उघडझाप शेजारच्या तारेत खोटे इशारे उठवते आणि यंत्र भलत्या जागी थांबते.

जोडणी करताना दोन-तीन गोष्टी कडकपणे पाळायच्या. २३० व्होल्टची बाजू शिक्षकांनी किंवा वायरमननेच जोडावी आणि सांगाड्याला अर्थिंग द्यावे. वीज चालू असताना मोटारीची तार ड्रायव्हरपासून कधीही सोडू नये. वेटोळ्यातला प्रवाह एकाएकी तुटला की उसळणाऱ्या व्होल्टनी ड्रायव्हर क्षणात जळतो. आणि थांबवण्याचे लाल मोठे बटण मोटारींबरोबर राउटरचीही वीज तोडील असेच जोडावे. डोळ्यांवर चष्मा, नाकावर फडके हे सांगायला नकोच.

फळी चढवण्यापूर्वी

यंत्र उभे राहिले की लगेच सागाची फळी चढवायची नाही. राउटरच्या जागी टोकदार पेन्सिल बांधा, पाटावर कागद चिकटवा. शून्यावर जाऊन एक बारीक ठिपका काढा. मग यंत्राला पूर्ण वेगाने या टोकाहून त्या टोकाला शंभर खेपा घालायला लावा आणि शेवटी पुन्हा त्याच शून्यावर ठिपका काढायला सांगा. मध्ये खटक्याला टेकवायचे नाही. दोन्ही ठिपके एकावर एक पडले तर निवड बरोबर. नसतील, तर यंत्रशाळेतून डायल गेज मागून आणून दोहोंतले अंतर नीट मोजा, कारण चूक कोठे आहे हे त्या अंतरावरूनच कळते.

रोटर घसरला तर तो वाटेल तेथे थांबत नाही. त्याचे दाते पुन्हा समोरच्या दातांशी जुळतील तेथेच तो सापडतो. म्हणजे तो पुरा एक दात, चार पायऱ्या, किंवा त्याच्या पटीत घसरतो. आपल्या स्क्रूवर चार पायऱ्या म्हणजे ०.१ मि.मी. तेव्हा फरक ०.१, ०.२, ०.३ असा आला, तर मोटार दमली आहे. त्वरण कमी करा, कमाल वेग कमी करा, किंवा पुरवठ्याचे व्होल्ट वाढवा. फरक या पटीत नसेल तर मोटारीला दोष देऊ नका. खेपा दुप्पट केल्यावर फरकही दुप्पट होत असेल, तर दिशा बदलताना ड्रायव्हर एखादा स्पंद गमावत असावा. दिशेचा इशारा आणि पहिला स्पंद यांतील वेळ नियंत्रकात थोडा वाढवून पाहा. खेपा कितीही केल्या तरी फरक तेवढाच राहत असेल आणि शून्याकडे डावीकडून आल्यावर एक व उजवीकडून आल्यावर दुसरा ठिपका पडत असेल, तर चाकी आणि स्क्रूच्या आट्यांत ढिलाई आहे. आणि फरक दर वेळी वेगळा, कधी मोठा कधी लहान येत असेल, तर मोटारीचा दांडा स्क्रूला जोडणाऱ्या कपलिंगचा बारीक स्क्रू आवळून पाहा. बहुतेक तोच ढिला झालेला असतो.